आधी मिलिलिटर, मग मॉडेल : प्रोटीन-कॉलमचं गणित बसवण्याची रीत

आयन-एक्स्चेंज कॉलमवर (विद्युतभारित मण्यांनी भरलेल्या नळीत) एक प्रोटीन दुसऱ्यापासून सोडवायचं असलं की बऱ्याच लॅबमध्ये एकच रीत चालते. ग्रेडियंट (मीठ हळूहळू वाढवत नेणं) थोडा लांबवायचा, रन लावायचा, क्रोमॅटोग्राम (केव्हा काय बाहेर आलं त्याचा आलेख) बघायचा, पुन्हा थोडा लांबवायचा. वीस-पंचवीस रन होतात, रेझिन, म्हणजे कॉलममधले मणी, निम्मं म्हातारं होतं, आणि शेवटी जे जमलं ते का जमलं हे कुणालाच सांगता येत नाही. मॉडेल बांधलं तर दर प्रोटीनमागे खरे रन आठ-दहाच लागतात, बाकीचे शेकडो संगणकावर होतात. मात्र मॉडेल फसतं ते समीकरणांमुळे क्वचितच. पंपापासून कॉलमपर्यंत आणि कॉलमपासून डिटेक्टरपर्यंतच्या वाटेतले दोन-तीन मिलिलिटर कुणी मोजलेले नसतात, आणि तिथेच सगळं बिघडतं. म्हणून या लेखात संगणक बऱ्याच उशिरा येतो.

सरावासाठी स्वस्त आणि समजूतदार प्रोटीनं घ्या: कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम (१४.३ किलोडाल्टन, समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या पीएचला एकूण भार शून्य होतो तो, सुमारे ११), सायटोक्रोम सी (१२.३ किलोडाल्टन, सुमारे १०) आणि रायबोन्यूक्लिएज ए (१३.७ किलोडाल्टन, साधारण ९.५). पीएच ७ ला तिघांवरही धन भार असतो, त्यामुळे कॅटायन-एक्स्चेंजर, म्हणजे धनभारित रेणू पकडणारं रेझिन, लागतो. इथली सगळी उदाहरणं एसपी सेफरोज फास्ट फ्लोवर धरली आहेत. मण्यांचा सरासरी व्यास ९० मायक्रॉन, कॉलमचा आतला व्यास १ सेंटिमीटर, बेडची उंची १० सेंटिमीटर, म्हणजे कॉलम व्हॉल्यूम ७.८५ मिलिलिटर. पुढे त्याला नुसतं सीव्ही म्हणू.

बफर आणि बडोद्याचा उन्हाळा

मे महिन्यात बडोद्यात पारा चाळिशीच्या वर जातो. दिवसा एसी चालू, रात्री बंद, मधे वीज गेली तर लॅब पस्तिशीला. ट्रिस बफरचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०३ ने घसरतो, म्हणजे १५ अंशांच्या फरकात जवळजवळ अर्धा पीएच. प्रोटीनवरचा भार पीएचवर अवलंबून असल्यामुळे सकाळचा रन आणि संध्याकाळचा रन ही दोन वेगळी मॉडेलं होतात. फॉस्फेटचा पीएच दर अंशाला जेमतेम ०.००३ ने हलतो. त्यामुळे २० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट, पीएच ७.० वापरा आणि डोकेदुखी टाळा. विद्युतवाहकता मात्र कोणत्याही बफरची दर अंशाला सुमारे २ टक्क्यांनी वाढते. मीटरची तापमान-भरपाई चालू आहे ना, हे एकदा डोळ्यांनी पाहून घ्या. फ्रिजमधून काढलेली बफरची बाटली तडक पंपाला लावू नका. थंड पाण्यात विरघळलेली हवा खोलीच्या तापमानाला बाहेर येते आणि बुडबुडे थेट कॉलममध्ये शिरतात. आधी खोलीत येऊ द्या, मग ०.२ मायक्रॉनमधून गाळा, मग डिगॅस करा (विरघळलेली हवा काढून टाका).

मॉडेलमधलं 'मीठ' म्हणजे तुम्ही तोलून घातलेलं सोडियम क्लोराइड नव्हे, तर एकूण सोडियम आयन. पीएच ७ च्या २० मिलिमोलर फॉस्फेटमध्येच सुमारे ३० मिलिमोलर सोडियम असतं. ए बफरमध्ये, म्हणजे ग्रेडियंट ज्याने सुरू होतो त्यात, वेगळं मीठ नसलं तरी सुरुवात शून्यापासून होत नाही, ३० पासून होते. बी बफर, ज्यावर ग्रेडियंट संपतो, म्हणजे तेच फॉस्फेट अधिक ४८० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, एकूण ५१०. हे ३० विसरलं तर मंद ग्रेडियंटचे बिंदू जास्त चुकतात आणि पुढची सरळ रेष वाकते.

पावसाळ्यात आणखी एक काळजी. वाळवलेल्या प्रोटीनची कुपी फ्रिजमधून काढून लगेच उघडली तर पावडर दमट होते आणि तोललेल्या १० मिलिग्रॅममध्ये पाणी किती हे कळत नाही. कुपी बंद ठेवून अर्धा तास बाहेर ठेवा आणि सांद्रता वजनावरून न काढता प्रकाशशोषणावरून काढा. लायसोझाइमचं १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावण २८० नॅनोमीटरवर १ सेंटिमीटर मार्गात सुमारे २.६४ शोषण देतं, रायबोन्यूक्लिएजचं फक्त ०.७ च्या आसपास. सायटोक्रोम लाल असतं. ते ४१० नॅनोमीटरवर एकटंच दिसतं, त्यामुळे मिश्रणातही त्याचा पीक (आलेखातला उंचवटा) वेगळा ओळखता येतो.

कॉलम काढून मोजायचं

पहिलं मोजमाप कॉलमशिवायचं. कॉलमच्या जागी शून्य-आकारमानाचा जोड लावा आणि १ टक्का ॲसिटोनचे १०० मायक्रोलिटर सोडा. इंजेक्शनपासून पीकच्या गुरुत्वमध्यापर्यंतचं आकारमान म्हणजे इंजेक्टर ते यूव्ही डिटेक्टर या वाटेचं आकारमान. पीकचा माथा घेऊ नका, गुरुत्वमध्य घ्या. नळ्यांमधला पीक शेपटीवाला असतो आणि माथा नेहमी लवकर येतो.

दुसरं, ग्रेडियंटचा उशीर. जोड तसाच ठेवून ए वरून बी वर एकदम उडी मारा आणि वाहकता अर्ध्यावर कुठे पोचते ते पाहा. मिक्सर, पंपानंतरच्या नळ्या, व्हॉल्व्ह असं सगळं यात येतं. १.४ मिलिलिटरचा मिक्सर असेल तर एकूण उशीर २ मिलिलिटरच्या आसपास निघणं नवल नाही. यूव्ही सेल आणि वाहकता सेल यांच्यामध्येही थोडी नळी असते. मिठाची ॲसिटोनसारखीच एक पल्स सोडली की तो फरक निघतो.

मग कॉलम लावा. बेड कसा बसला ते आधी तपासा: ताशी ३० सेंटिमीटर वेगाने, म्हणजे या कॉलमला मिनिटाला ०.४ मिलिलिटर, ॲसिटोनची पल्स. प्लेटसंख्या (बेड किती नीट बसला त्याचं माप) = ५.५४ × (रिटेन्शन आकारमान ÷ अर्ध्या उंचीवरची रुंदी) या कंसाचा वर्ग. एका प्लेटची उंची मण्याच्या व्यासाच्या तिप्पट, म्हणजे २७० मायक्रॉन धरली तर १० सेंटिमीटरमध्ये ३७० प्लेट यायला हव्यात. पीकची असममिती ०.८ ते १.८ च्या बाहेर असेल तर बेड पुन्हा भरा. वाकडा बेड मॉडेलमध्ये घालून सरळ होत नाही.

आता सच्छिद्रता. ब्लू डेक्स्ट्रानचा रेणू, २० लाख डाल्टनचा, मण्यांच्या आत शिरत नाही, नुसता मण्यांमधून वाट काढत जातो. तो १ मोलर मिठात सोडा. (क्यू किंवा डीईएई अशा ॲनायन-एक्स्चेंजरवर तो वापरू नका. त्यातला रंग ऋणभारित असतो, रेझिनला चिकटतो आणि कॉलम निळा राहतो.) ॲसिटोन सगळीकडे शिरतं. नळ्यांचं आकारमान वजा करून समजा डेक्स्ट्रानचं २.८३ आणि ॲसिटोनचं ६.५९ मिलिलिटर आलं. ७.८५ ने भागलं की मण्यांमधली सच्छिद्रता ०.३६ आणि एकूण ०.८४. मण्याच्या आतली सच्छिद्रता = (०.८४ − ०.३६) ÷ (१ − ०.३६) = ०.७५. प्रोटीन ॲसिटोनएवढं लहान नसतं. शक्य असेल तर १ मोलर मिठात, जिथे काहीच चिकटत नाही तिथे, तुमचं प्रोटीनही सोडून त्याचा स्वतःचा आकडा घ्या.

रेझिनवर जागा किती

आयनिक क्षमता म्हणजे भारित जागांची संख्या. या रेझिनच्या माहितीपत्रकात ती ०.१८ ते ०.२५ मिलिमोल प्रति मिलिलिटर अशी पट्ट्यात दिलेली असते. मधला आकडा उचलून मोकळं होण्याचा मोह आवरा, का ते शेवटी कळेल. कॉलममधून ५ सीव्ही ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल सोडा, मग आयनविरहित पाणी, वाहकता तळाला सपाट होईपर्यंत. नंतर ०.०१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, मिनिटाला १ मिलिलिटर. आधी बाहेर नुसतं पाणी येतं, कारण रेझिन सोडियम घेतं आणि सोडलेला हायड्रोजन हायड्रॉक्साइडला गिळतो. जागा संपल्या की पीएच आणि वाहकता झपकन चढते. चढाच्या मध्यापर्यंतचं आकारमान, नळ्या आणि कॉलमचं मृत आकारमान वजा करून, समजा १७३ मिलिलिटर. म्हणजे १.७३ मिलिमोल, म्हणजेच ०.२२ मिलिमोल प्रति मिलिलिटर बेड. सुमारे तीन तासांचं काम आहे, पण घाई करून १ मोलर अल्कली वापरू नका, शेवटचा बिंदू धूसर होतो. अल्कली ताजी हवी आणि पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने प्रमाणित केलेली हवी. आठवडाभर उघडी राहिलेली बाटली हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन बसलेली असते.

चार ग्रेडियंट, एक रेष

आता प्रोटीन. प्रत्येकी १ मिलिग्रॅम, एका वेळी एकच. एवढ्या थोड्या प्रोटीनला रेझिनवर गर्दी जाणवत नाही, त्यामुळे गणित सरळ राहतं. ३० ते ५१० मिलिमोलर सोडियम, चार लांबींत: १०, २०, ४० आणि ६० सीव्ही. प्रवाह सगळीकडे सारखा, मिनिटाला १ मिलिलिटर. प्रत्येक पीकच्या वेळी कॉलमच्या बाहेरच्या तोंडाशी सोडियम किती होतं ते वाहकतेच्या आलेखावरून वाचा. वाहकता आणि सोडियम यांचं कॅलिब्रेशन ए आणि बीच्या पाच-सहा मिश्रणांवर आधीच करून ठेवलेलं असावं.

ग्रेडियंटचा 'सामान्यीकृत उतार' असा काढतात: मिठातला फरक × (सीव्ही − मण्यांमधलं आकारमान) ÷ ग्रेडियंटचं आकारमान. १० सीव्हीला ०.४८ × ५.०२ ÷ ७८.५ = ०.०३०७ मोलर. ४० सीव्हीला त्याच्या चौथाई, ०.००७७. यामामोतो पद्धतीचं सूत्र सांगतं:

लॉग (उतार) = (न्यू + १) × लॉग (पीकचं मीठ) − लॉग [अ × (न्यू + १)]

न्यू म्हणजे प्रोटीन किती जागांवर बसतं, आणि 'अ' म्हणजे समतोल स्थिरांक गुणिले आयनिक क्षमतेचा न्यू-वा घात. लायसोझाइमचा पीक समजा १० सीव्हीला ३०० मिलिमोलरवर आला आणि ४० सीव्हीला २३८ वर. उतार चौपट, मीठ १.२६ पट. लॉग ४ भागिले लॉग १.२६ म्हणजे ६, म्हणून न्यू = ५. 'अ' साठी ०.३ चा सहावा घात ०.०००७२९, भागिले ०.०३०७, भागिले ६, म्हणजे सुमारे ०.००४.

इथे नळ्यांचा हिशेब विसरला तर काय होतं ते याच आकड्यांवर पाहा. मीठ वाहकतेवरून न वाचता पंपाच्या प्रोग्रॅमवरून काढलं आणि २ मिलिलिटरचा उशीर वजा केला नाही, तर १० सीव्हीच्या रनमध्ये चूक २ ÷ ७८.५ × ४८० = १२ मिलिमोलर, आणि ४० सीव्हीच्या रनमध्ये फक्त ३. चूक दोन्हीकडे सारखी नसल्यामुळे ती कटत नाही. ३०० चे ३१२ होतात, २३८ चे २४१, आणि न्यू ५ ऐवजी ४.४ निघतो. रेष तरीही सरळच दिसते, आर-वर्ग ०.९९ च्या वर येतो, सगळे खूश होतात. पुढे हेच मॉडेल स्टेप-इल्यूशनला (मीठ एकाच उडीत वाढवून प्रोटीन उतरवण्याला) लावलं की पीक भलतीकडे जातो आणि दोष 'प्रोटीनच्या गुंतागुंतीच्या वागण्या'वर ढकलला जातो. कॉलममधलंच मिठाचं आकारमान, ६.६ मिलिलिटर, हेही विसरलं तर १० सीव्हीला चूक पन्नास मिलिमोलरच्या वर जाते.

चार बिंदूंची रेष खरोखरच वाकत असेल तर तीन शक्यता तपासा: बफरमधलं सोडियम मोजायचं राहिलं, लोड (कॉलमवर चढवलेलं प्रोटीन) जास्त झाला, किंवा रन चालू असताना पीएच हलला.

घर कुणाचं धरायचं

यात सर्वांत जास्त माणसं अडखळतात, म्हणून थोडं थांबू. समतोल स्थिरांक काढताना 'रेझिनवरची सांद्रता' कशाच्या आकारमानाने भागायची? संपूर्ण मण्याच्या, छिद्रांतल्या द्रवासकट? की फक्त मण्याच्या घट्ट सांगाड्याच्या? दोन्ही रिती प्रचलित आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. मात्र त्या एकमेकींत मिसळल्या की गेलंच.

आपल्या उदाहरणात मण्याच्या हिशेबाने आयनिक क्षमता ०.२२ ÷ ०.६४ = ०.३४४ मोलर. तिचा पाचवा घात ०.००४८, म्हणून समतोल स्थिरांक सुमारे ०.८२. सांगाड्याच्या हिशेबाने क्षमता ०.२२ ÷ ०.१६ = १.३७५ मोलर, 'अ' हा ०.२५ ने भागून ०.०१५८, आणि १.३७५ चा पाचवा घात ४.९१. समतोल स्थिरांक ०.००३२. प्रोटीन तेच, रन तेच, रेष तीच, तरी आकड्यांत अडीचशे पटींचा फरक. संशोधन लेखातून स्थिरांक उचलून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला आणि पीक बाहेरच येईना, असं झालं तर दहातल्या नऊ वेळा घोळ इथे असतो. कॉलमचं मॉडेल चालवणारं कॅडेटसारखं सॉफ्टवेअर सांगाडा धरतं. त्यात टाकण्याआधी क्षमता, 'अ' आणि सच्छिद्रता तिन्ही एकाच भाषेत आणा, आणि मिलिमोलर-मोलरचाही एकदा मेळ घाला. न्यू हा घातांक असल्यामुळे एककातली चूक हजाराच्या पाचव्या घाताने फुगते.

गर्दी झाल्यावर

आतापर्यंतचं गणित मोकळ्या रेझिनचं होतं. खरं उत्पादन भरलेल्या रेझिनवर होतं. तिथे ब्रुक्स आणि क्रेमर यांनी १९९२ मध्ये मांडलेलं स्टेरिक मास ॲक्शन समीकरण लागतं. समीकरण अवघड दिसतं, कल्पना रोजची आहे. दिवाळीत बडोदा डेपोतून सुटणाऱ्या एसटीत एक गृहस्थ बसतो एका जागेवर, पण शेजारी रुमाल टाकून आणखी दोन अडवतो. रुमालाखालची जागा रिकामी असूनही दुसऱ्याला मिळत नाही. प्रोटीनही न्यू जागांवर बसतं आणि आपल्या देहाने आणखी सिग्मा जागा झाकतं. म्हणून:

बसलेलं प्रोटीन = समतोल स्थिरांक × द्रवातलं प्रोटीन × (खऱ्या मोकळ्या जागा ÷ मीठ) चा न्यू-वा घात

खऱ्या मोकळ्या जागा म्हणजे एकूण क्षमतेतून प्रत्येक प्रोटीनच्या (न्यू + सिग्मा) × बसलेली सांद्रता वजा केल्यावर उरलेल्या. दोन प्रोटीनं असली तर दोघांचे रुमाल एकाच गाडीत, त्यामुळे स्पर्धा आपोआप हिशेबात येते.

सिग्मा काढायला ब्रेकथ्रू रन करा: ए बफरमध्ये प्रोटीन सतत सोडत राहा, बाहेरची सांद्रता आतल्याइतकी होईपर्यंत. मृत आकारमान वजा जाता समजा १२६ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर बेड बसलं. १४.३ ने भागून ८.८ मिलिमोलर, सांगाड्यावर (०.१६ ने भागून) ५५. क्षमता १३७५ भागिले ५५ म्हणजे २५. त्यातून न्यूचे ५ वजा, सिग्मा २०. हा सुरुवातीचा अंदाज. अंतिम आकडा ओव्हरलोड केलेल्या ग्रेडियंटवर, म्हणजे २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर लोड आणि १० सीव्ही लांबीच्या रनवर, फिट करून घ्या. खर्च जड वाटला तर ब्रेकथ्रू ०.५ सेंटिमीटर व्यासाच्या कॉलमवर करा.

या रनमध्ये डिटेक्टर फसवतो. २ मिलिमीटरच्या सेलमधून १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर लायसोझाइम गेलं तर २८० वर शोषण पाचच्या पुढे जातं. डिटेक्टर तिथे सरळ रेषेत बोलत नाही, पीकचं डोकं सपाट कापलेलं दिसतं, आणि फिट करणारा प्रोग्रॅम त्या सपाट डोक्याला रेझिनची संपृक्तता समजून सिग्मा वाढवत सुटतो. तरंगलांबी ३०० च्या आसपास न्या, किंवा अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरचे अंश गोळा करून पातळ करून मोजा.

पीक रुंद का

पीक कुठे येतो हे आतापर्यंतच्या आकड्यांनी ठरतं. तो किती पसरतो हे वहनाने. कलाभवनातून, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, बाहेर पडलेल्या केमिकल इंजिनिअरला हा भाग घरचा वाटेल, बायोकेमिस्ट्रीवाल्यांनी धीर धरावा. मण्याभोवतीच्या पातळ थरातून आत जाण्याचा वेग विल्सन-जिन्कोप्लिस सूत्राने काढता येतो, फिट करायची गरज नाही: शेरवुड संख्या = १.०९ ÷ ०.३६ × (वेग × मण्याचा व्यास ÷ विसरण गुणांक) चं घनमूळ. मिनिटाला १ मिलिलिटर म्हणजे सेकंदाला ०.२१ मिलिमीटर, लायसोझाइमचा पाण्यातला विसरण गुणांक सुमारे १.१ × १०^−१० चौरस मीटर प्रति सेकंद. कंसातली संख्या १७३, घनमूळ ५.६, शेरवुड १७, आणि वहन गुणांक सुमारे २ × १०^−५ मीटर प्रति सेकंद. अक्षीय विखुरणं (कॉलमच्या लांबीच्या दिशेने पसरणं) डेक्स्ट्रानच्या पल्सवरून मिळतं. उरला छिद्रांतला विसरण गुणांक, तेवढाच फिट करायचा, मुक्त गुणांकाच्या दहाव्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतच्या हद्दीत. तो खात्रीने पकडायचा तर तेच ग्रेडियंट दुप्पट वेगानेही एकदा चालवा. एकाच वेगावर विखुरणं आणि विसरण एकमेकांची जागा घेऊ शकतात.

संगणकावर

जर्मनीतल्या युलिश संशोधन केंद्रात तयार झालेलं कॅडेट फुकट मिळतं आणि पायथॉनमधून चालतं. साध्या लॅपटॉपवर एक रन काही सेकंदांत सुटतो. लांबीचे ३० ते ५० आणि त्रिज्येचे १० तुकडे पुरतात. तुकडे दुप्पट करून पीक हलतो का ते एकदा पाहा. हलला तर तुकडे कमी पडत होते.

सगळे पॅरामीटर एकदम मोकळे सोडू नका. मोजलेल्या गोष्टी, म्हणजे सच्छिद्रता, क्षमता, उशीर, कुलूपबंद. न्यू आणि समतोल स्थिरांक रेषेवरून आलेले, त्यांना थोडीशीच हालचाल. समतोल स्थिरांक लॉगमध्ये शोधा. हे दोघं जुळ्या भावांसारखे असतात. एक वाढला तर दुसरा कमी होऊन तोच पीक देतो, म्हणून चारही ग्रेडियंट एकत्र फिट करा, एकेक करून नव्हे. शोध पाच-दहा वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरू करा. प्रत्येक वेळी वेगळं उत्तर आलं तर प्रयोग कमी पडतोय, प्रोग्रॅम नव्हे.

आलेखाच्या तक्रारी ओळखायला शिका. ओव्हरलोडमध्ये मॉडेलचा पीक खऱ्यापेक्षा आधी बाहेर येतो: सिग्मा जास्त धरला आहे. खऱ्या पीकचा पुढचा उतार मॉडेलपेक्षा मवाळ आहे: छिद्रांतलं विसरण जास्त धरलं आहे. सगळेच पीक सारख्याच आकारमानाने सरकलेत: परत नळ्यांकडे.

फिट झालं की ज्या रनचा आकडा फिटमध्ये वापरला नाही असा एक रन करून पडताळा. स्टेप-इल्यूशन घ्या, आणि तेही तिन्ही प्रोटीनांच्या मिश्रणावर. ग्रेडियंटवर बसलेलं मॉडेल ग्रेडियंटचंच भाकीत बरोबर करतं, त्यात कौतुक नाही.

कशासाठी ऑप्टिमाइझ

आधी ध्येय ठरवा, नाहीतर प्रोग्रॅम १०० सीव्हीचा सुंदर ग्रेडियंट देईल आणि प्लँटवाले हसतील. नेहमीची मांडणी अशी: शुद्धता ९८ टक्क्यांहून कमी नको, प्राप्ती ९० हून कमी नको, आणि उत्पादकता जास्तीत जास्त. उत्पादकता म्हणजे दर मिलिलिटर रेझिनमागे दर तासाला मिळालेलं प्रोटीन. ताशी १५० सेंटिमीटर वेगाला आपल्या बेडमध्ये १ सीव्ही म्हणजे ४ मिनिटं. समतोल ५, लोड ५, धुणं ३, ग्रेडियंट २०, स्ट्रिप (उरलंसुरलं जास्त मिठाने काढणं) ४, अल्कली ३, एकूण ४० सीव्ही, १६० मिनिटं. दर मिलिलिटर रेझिनमागे १० मिलिग्रॅम लोड आणि ९२ टक्के प्राप्ती धरली तर ९.२ ÷ २.६७ = ताशी ३.४५ मिलिग्रॅम. ग्रेडियंट १० सीव्ही केला तर ४.६. पुढे निम्मा-निम्मा करत गेलं की फायदा आटत जातो, कारण बाकीचे २० सीव्ही तसेच राहतात. म्हणून ग्रेडियंट कापण्याआधी लोड वाढवून पाहा. बदलायच्या गोष्टी पाचच ठेवा: सुरुवातीचं मीठ, शेवटचं मीठ, लांबी, लोड, आणि पीक कुठून कुठपर्यंत गोळा करायचा ते.

एकच 'सर्वोत्तम' बिंदू घेऊन थांबू नका. तो बहुधा कड्याच्या टोकावर असतो. त्याच्याभोवती दोनशे-तीनशे रन संगणकावर उधळा: मीठ ±५ मिलिमोलर, लोड ±१० टक्के, आणि रेझिनची क्षमता. या शेवटच्या गोष्टीसाठीच टायट्रेशनचे तीन तास घातले होते. लॉट बदलला आणि क्षमता ०.२२ ची ०.२० झाली तर लायसोझाइमचा पीक ३०० वरून सुमारे २७७ मिलिमोलरवर येतो. गोळा करण्याची खिडकी ठरावीक मिलिलिटरवर बांधली असेल तर त्या दिवशी शेजारच्या प्रोटीनची शेपटी बाटलीत येते. खिडकी यूव्हीच्या उंचीवर बांधा आणि नव्या लॉटचं टायट्रेशन पहिल्याच दिवशी करा. पीएचची उधळण मात्र या मॉडेलने करू नका. त्यात न्यू आणि समतोल स्थिरांक एकाच पीएचचे आहेत. पीएच बदलायचा असेल तर निदान तीन पीएचवर चारही ग्रेडियंट पुन्हा करावे लागतील.

काम संपल्यावर कॉलम २० टक्के इथेनॉल आणि ०.२ मोलर सोडियम ॲसिटेटमध्ये ठेवायचा असतो. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे लॅबच्या इथेनॉललाही परवाना आणि नोंदवही लागते. बाटली संपत आली की आठवण होऊन उपयोग नाही. सेफरोजसारख्या ॲगॅरोज-आधारित रेझिनला १० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडही चालतं. कॉलम त्यात ठेवला असेल तर दोन्ही टोकं घट्ट बंद करा आणि पुढच्या रनआधी पीएच ७.० वर येईपर्यंत बफर सोडा, साधारण १० सीव्ही. मग ॲसिटोनची एक पल्स घ्या. प्लेटसंख्या मागच्या वेळेपेक्षा २० टक्क्यांहून जास्त घसरली असेल तर जुनं मॉडेल या बेडला लावू नका.